‘अजून वेळ आहे, घरी जा’ म्हणता, पण घर किती लांब आहे ते विचारलं का?

पोस्ट मोठी आहे. ज्यांच्या घरात सातवा, आठवा, नववा महिना लागलेली बाई आहे त्यांनी शेवटपर्यंत वाचा. आणि ज्यांच्या हातात जळगाव-धुळे जिल्ह्यांच्या आरोग्याचा कारभार आहे, त्यांनी दोनदा वाचा.

आपल्याकडे हे चित्र कोणाला नवीन नाही. नवव्या महिन्यातल्या बाईचं रात्री पोट कडक होतं, दुखायला लागतं. घरात धावपळ. शेजाऱ्याची गाडी काढायची नाहीतर अॅपेवाल्याला उठवायचं. तालुक्याच्या दवाखान्यात पोचायचं. तिथे सिस्टर तपासते आणि सांगते, ‘खोट्या कळा आहेत. अजून वेळ आहे. घरी जा.’ विषय संपला. हातात कागद नाही, पुन्हा कधी यायचं ते नाही, काय झालं तर थांबायचं नाही तेही नाही. रात्री दोन वाजता परत तीच गाडी, परत तेच भाडं.

चार दिवसांनी परत तसंच. परत तेच उत्तर.

तिसऱ्या वेळी काय होतं? तिसऱ्या वेळी बाई बोलतच नाही. बोलली तरी घरचेच म्हणतात, ‘तुझं नेहमीचंच आहे, सकाळी बघू.’ आणि नेमक्या त्या तिसऱ्या वेळच्या कळा खऱ्या असतात. मग दर पावसाळ्यात छापून येणारी बातमी येते: रस्त्यातच प्रसूती, रुग्णवाहिका वेळेत नाही. दोन दिवस ओरड होते, चौकशीचे आदेश निघतात आणि सगळे आपापल्या कामाला लागतात. रुग्णवाहिका उशिरा का आली याची चौकशी होते. आधी दोनदा त्या बाईला काय सांगून परत पाठवलं होतं, याची चौकशी कोणीच करत नाही.

माझं भांडण त्या दोन परत पाठवण्यांशी आहे.

आधी या कळा म्हणजे काय ते समजून घेऊ, कारण हे सांगायला कोणालाच सवड नसते.

गर्भाशय हा स्नायू आहे. बाळंतपणाच्या कितीतरी आधीपासून तो अधूनमधून आवळतो आणि सैल पडतो. जॉन ब्रॅक्स्टन हिक्स नावाच्या इंग्रज डॉक्टरने १८७२ मध्ये याची व्यवस्थित नोंद केली, म्हणून डॉक्टरी पुस्तकात त्याचं नाव लागलं. आपल्या आज्या-पणज्यांना ते त्याच्याही आधीपासून माहीत होतं. अहिराणीत बाई सांगते, ‘पोट कडक व्हस, मंग सुटस.’ झालं की वर्णन. पुस्तकातही यापेक्षा वेगळं काही लिहिलेलं नाही.

शेवटच्या तीन महिन्यांत हे जास्त जाणवतं. काही बायकांना नुसतं आवळल्यासारखं वाटतं, काहींना चांगलं दुखतं. पण त्याला ताल नसतो. एकदा वीस मिनिटांनी, एकदा तासाने, मग दिवसभर नाही. जोर वाढत जात नाही. बहुतेक वेळा पोटाच्या पुढच्या बाजूलाच दुखतं. कूस बदलली, पाणी प्यायलं, लघवीला जाऊन आलं की बरेचदा थांबतं.

खऱ्या कळांचं गणित वेगळं. त्या तालात येतात, दोन कळांमधलं अंतर कमी होत जातं, जोर वाढत जातो. बरेचदा कमरेतून सुरू होऊन पोटाकडे येतात. चाला, बसा, झोपा, त्या थांबत नाहीत. आणि त्यांच्यामुळे पिशवीचं तोंड उघडायला लागतं. हाच खरा फरक, आणि तो तपासल्याशिवाय कळत नाही. म्हणजे घरी बसलेल्या बाईने ओळखायला हवं होतं, असं म्हणायचा अधिकार कोणालाच नाही.

म्हणून मला त्या ‘खोट्या’ शब्दाचाच राग येतो. दुखणं खोटं नसतं हो. पोट खरंच आवळतं, हात ठेवला तर दुसऱ्यालाही कळतं. पण ‘खोट्या कळा’ म्हटलं की घरी जाईपर्यंत त्याचा अर्थ ‘खोटं बोलते’ असा होतो. सासू ऐकते, नवरा ऐकतो, गल्ली ऐकते. एका शब्दाने बाईची साक्ष बाद. त्यापेक्षा ‘सरावाच्या कळा’ म्हणा. शरीर सराव करतंय, मुख्य सामना बाकी आहे, एवढंच सांगा. शब्द बदलायला तर बजेट लागत नाही ना?

आता घरी काय करायचं ते. ताईंनो, हे लिहून ठेवा.

पोट कडक झालं की पहिलं काम, दोन ग्लास पाणी प्या आणि लघवीला जाऊन या. भरलेली लघवीची पिशवी आणि कोरडं पडलेलं अंग, या दोन्हींनी या कळा वाढतात. मग काम करत असाल तर बसा, डाव्या कुशीवर झोपा. बराच वेळ बसून असाल तर उठून सावकाश चाला. कोमट पाण्याने अंघोळ करा. कळ येईल तेव्हा श्वास रोखू नका, नाकाने सावकाश घ्या, तोंडाने सावकाश सोडा. आणि घड्याळ बघा. कळ किती वाजता सुरू झाली, किती वेळ टिकली, पुढची कधी आली, हे तासभर कागदावर लिहा. लिहिता येत नसेल तर घरातल्या शाळेत जाणाऱ्या पोराला लिहायला सांगा. दवाखान्यात तो कागद दाखवा. तोंडी बोलणं उडवून लावता येतं, लिहिलेलं उडवायला जरा जड जातं. दुखतंय म्हणून मेडिकलवरून मनाने गोळी आणू नका. शेवटच्या महिन्यांत काही वेदनाशामक गोळ्या बाळाला घातक ठरतात.

पाण्याचं मी मुद्दाम पहिलं लिहिलं. आपला मुलूख कोणता आहे? मे महिन्यात भुसावळ-जळगावचा पारा ४५ पर्यंत जातो. त्या उन्हात पोटुशी बाई शेतात, वीटभट्टीवर, मार्केटमध्ये असते. कापूस वेचणीच्या दिवसांत पाठ वाकवून असते. आणि ती पाणी कमी पिते. का? कारण शेतात लघवीला जायला आडोसा नाही, एसटी स्टँडवरच्या मुतारीत पाय ठेववत नाही. म्हणून ती तहान मारते. त्यातून लघवीला जळजळ, जंतुसंसर्ग, आणि त्यातून पुन्हा पोट आवळणं. हा संसर्ग वाढला तर दिवस भरायच्या आधीच बाळंतपण होऊ शकतं. ‘भरपूर पाणी प्या’ हा सल्ला देणं सोपं. तो पाळता यावा म्हणून बायकांसाठी एक धड मुतारी बांधणं मात्र आपल्या नगरपालिकांना आणि बाजार समित्यांना जड जातं. कळांचा आणि मुतारीचा संबंध असतो, हे पुढच्या सभेत एखाद्या नगरसेविकेने मोठ्याने सांगावं.

आता दुसरी यादी. यात घरगुती उपाय नाही, वाट बघणं नाही, सरळ निघायचं.

३७ आठवडे पूर्ण व्हायच्या आत तालात कळा यायला लागल्या, तासात चार-पाच वेळा पोट आवळलं आणि पाणी, विश्रांती घेऊनही थांबलं नाही. अंगावरून लाल गेलं. पाणी गेलं, थोडंसं गेलं तरी. बाळाची हालचाल कमी झाली. पोट दगडासारखं कडक झालं आणि सैलच पडत नाही. डोकं फुटायची वेळ आली, डोळ्यापुढे अंधारी, हातापायावर-तोंडावर सूज. ताप. यातलं एकही दिसलं तर ‘सकाळी बघू’ म्हणणारा माणूस कितीही मोठा असो, त्याचं ऐकू नका. लवकर कळा आल्या तर वेळेत पोचण्याला फार किंमत आहे. ३४ आठवड्यांच्या आतलं बाळ असेल तर त्याची फुप्फुसं तयार व्हावीत म्हणून आईला इंजेक्शन देतात. त्याचा उपयोग व्हायला बाळंतपणाआधी काही तास हातात असावे लागतात. ते तास अॅपे शोधण्यात गेले तर काचेच्या पेटीसमोर हात जोडून बसायची पाळी येते.

दिवस भरलेल्या बाईला शहरात सांगतात, कळा दर पाच मिनिटांनी, मिनिटभर टिकणाऱ्या, अशा तासभर आल्या की निघा. हा हिशोब दारात गाडी आणि दहा मिनिटांवर दवाखाना असलेल्यांचा आहे. चोपडा, यावल, रावेर, शिरपूरच्या वरच्या अंगाला सातपुड्याच्या पाड्यावर राहणाऱ्या पावरा, तडवी, भिल्ल बाईने हा हिशोब लावला तर तिचं बाळंतपण नाल्यात होईल. पावसाळ्यात पाण्याला जोर असला की पाडा तुटतो. पाड्यावरून पीएचसी, तिथून ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालय, तिथून ‘आमच्याकडे सोय नाही’ म्हणून पुढे रेफर. चोपड्याहून जळगाव, शिरपूरहून धुळं, साक्रीहून धुळं, कुठूनही धरा, शेवटच्या टप्प्याला पन्नासेक किलोमीटर. दुसरं-तिसरं बाळंतपण असेल तर ते आणखी लवकर होतं. अशा बाईला ‘वेळ आहे, घरी जा’ सांगताना घड्याळ बघून भागत नाही, नकाशा बघावा लागतो.

बरं, सरकारच्या योजना नाहीत का? आहेत. २००५ पासून जननी सुरक्षा योजना आहे, ग्रामीण भागातल्या पात्र बाईला ७०० रुपये मिळतात. २०११ पासून जननी शिशु सुरक्षा कार्यक्रम आहे. त्यात बाळंतपण, सिझर, औषधं, तपासण्या, रक्त, जेवण सगळं मोफत. घरून दवाखान्यात न्यायला गाडी मोफत, एका दवाखान्यातून दुसऱ्यात न्यायला मोफत, आणि बाळंतपणानंतर ४८ तास राहून घरी जाताना मोफत. २०१४ पासून राज्यात १०८ ची सेवा आहे. दर महिन्याच्या ९ तारखेला गरोदर बायकांची तपासणी असते.

आता बारकाईने वाचा. परतीची गाडी कधी? बाळंतपण झाल्यावर. आणि जिला तपासून ‘अजून वेळ आहे’ म्हणून परत पाठवलं, ती? ती या हिशोबात बसतच नाही. तिने बाळ दिलेलं नाही ना अजून! आली फुकट, जाताना खिशातून. मध्यरात्री स्पेशल गाडीचं भाडं ७०० रुपयांत बसतं का, ते कोणत्याही पाड्यावर जाऊन विचारा. दोन हेलपाट्यांत सरकारी मदत बाळ जन्मायच्या आधीच उडते. मग तिसऱ्या वेळी ती घरीच थांबली तर तिला अडाणी म्हणायचं. हा हिशोब न कळणारा अडाणी.

याच्यावर ठरलेलं उत्तर येतं. ‘सर, बेड नाहीत. स्टाफ नाही. कळा आल्या म्हणून प्रत्येकीला दाखल केलं तर लेबर रूममध्ये उभं राहायला जागा उरणार नाही.’

हे उत्तर मी उडवून लावणार नाही. रात्रपाळीला एकटी सिस्टर तीन बाळंतपणं बघते, तिच्यावर ओरडणं सोपं आहे. आशाताईंना तर हक्काच्या मानधनासाठी २०२४ मध्ये मुंबईत आझाद मैदानावर बसावं लागलं. आणि फार लवकर दाखल केल्यानेही नुकसान होतं, हे खरं आहे. बाई लेबर रूममध्ये नुसती पडून राहिली की ‘प्रगती नाही’ म्हणून सलाईनमधून कळांचं औषध आणि शेवटी सिझर, असा रस्ता लागू शकतो.

पण दाखल करणं आणि हाकलणं यांच्या मध्ये काहीच नसतं का? जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये बाळंतपणाच्या काळजीबद्दल सूचना काढल्या. त्यात सांगितलंय की जोराच्या कळांचा टप्पा, म्हणजे पिशवीचं तोंड पाच सेंटीमीटर उघडणं, तिथपासून धरा. पण पुढे हेही सांगितलंय की तो टप्पा येईपर्यंत बाईला दाखलच करायचं नाही, असं धोरण सरसकट राबवू नका. ते फक्त काटेकोर संशोधनाचा भाग म्हणून करा. आपल्याकडे पहिलं वाक्य सोयीचं म्हणून पाठ झालं, दुसरं गळालं.

मधला रस्ता महाग नाही. बीपी बघा. बाळाचे ठोके ऐका. पोटावर हात ठेवून दहा मिनिटांत किती कळा येतात ते मोजा. लघवी तपासा. आतून तपासा. पाणी पाजा, बाजूच्या खोलीत बसवा, चार तासांनी परत तपासा. फरक नाही आणि धोक्याची खूण नाही, मग खुशाल घरी पाठवा. पण घर किती लांब ते विचारून, आणि चिठ्ठी लिहून. यातल्या एकाही गोष्टीला कोटीची मशीन लागत नाही. लागते ती एक खोली, एक बाकडं, पंखा आणि पाण्याचा माठ. ज्या रुग्णालयाच्या उद्घाटनाला शामियाना घालता येतो, तिथे बाकडं घालता येत नाही?

आता खाजगीवाल्यांकडे वळू, नाहीतर म्हणाल हा फक्त सरकारीवरच घसरतो.

सरकारीत कळांना किंमत नाही, तर काही खाजगी ठिकाणी त्याच कळांची फार मोठी किंमत लागते. तीच बाई, तेच पोट आवळणं. इथे मात्र ‘कळा सुरू झाल्यात, रिस्क नको’, ‘पाणी कमी वाटतंय’, ‘बाळाला त्रास होईल’. घाबरलेला नवरा सही करतो. ही वाक्यं अनेकदा खरीही असतात, आणि खरी असतील तर सिझरने जीव वाचतो. पण २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशात सरकारी दवाखान्यात सिझरचं प्रमाण १४.३ टक्के आणि खाजगीत ४७.४ टक्के निघालं. काही अवघड केसेस खाजगीत जात असतील, मान्य. तरी बायकांची शरीरं सरकारी-खाजगी बघून एवढी बदलतात का? नवऱ्यांनी आणि भावांनी सही करण्याआधी तीन प्रश्न शांतपणे विचारावेत: बाळाचे ठोके कसे आहेत, तोंड किती उघडलंय, आणि दोन तास थांबलं तर धोका काय? चांगला डॉक्टर या प्रश्नांनी चिडत नाही. आपल्या दोन्ही जिल्ह्यांत तसे डॉक्टर भरपूर आहेत, त्यांच्या जोरावरच हे बोलतोय.

तिसरी बाजू आपल्या घराची. ‘आमच्या वेळी आम्ही शेतात बाळंत झालो’ म्हणणाऱ्या सासूबाईंना नमस्कार. पण त्यांच्या वेळी शेतातून परत न आलेल्या जावा-नणंदाही त्यांनाच माहीत असतात, त्यांच्याबद्दलही सांगा म्हणावं. आणि कळा लांबल्या म्हणून गावातल्या बिनडिग्रीवाल्याकडून ‘कळांचं इंजेक्शन’ टोचून घेणं हा खेळ तर ताबडतोब थांबला पाहिजे. दवाखान्यात ते औषध ठोके मोजत, थेंबाथेंबाने देतात. घरी दंडात एकदम टोचलं तर बाळ गुदमरू शकतं, पिशवी फाटू शकते. एरंडेल पाजून कळा आणायचे उद्योगही बंद करा.

महाराष्ट्राचा मातामृत्यू दर २०१८-२० च्या आकडेवारीत एक लाख जिवंत जन्मांमागे ३३ होता, देशाचा ९७. चांगली गोष्ट आहे, अभिमान बाळगा. पण सरासरी हा मोठा सभ्य प्रकार असतो. तिच्यात पुण्याचं हॉस्पिटल आणि सातपुड्याचा पाडा शेजारी शेजारी बसतात आणि कोणाचंच दुखणं दिसत नाही.

म्हणून जळगाव आणि धुळ्याचे पालकमंत्री, दोन्ही जिल्हा परिषदा, जिल्हा शल्यचिकित्सक आणि जिल्हा आरोग्य अधिकारी यांच्याकडे साध्या मागण्या:

१) कळा येतात म्हणून आलेल्या प्रत्येक बाईची लेखी नोंद. परत पाठवताना चिठ्ठी: वेळ, बीपी, बाळाचे ठोके, तोंड किती उघडलं, पुन्हा कधी यायचं, काय दिसलं तर लगेच निघायचं. खाली तपासणाऱ्याचं नाव.

२) लांबून आलेल्या बाईला रात्री परत पाठवायचं नाही. सकाळपर्यंत थांबायला जागा. आणि परत पाठवलं तर गाडी मोफत, बाळंतपण झालेलं नसलं तरी.

३) राज्यात आदिवासी भागासाठी ‘माहेरघर’ योजना आहे, ज्यात दिवस भरत आलेली बाई आधीच येऊन दवाखान्याच्या आवारात राहू शकते. सातपुड्याच्या पायथ्याच्या प्रत्येक पीएचसीत अशी खोली सुरू आहे का, कुलूप आहे का, जेवण मिळतं का, हे जाहीर करा.

४) ९ तारखेच्या तपासणीत सातव्या महिन्यापासून प्रत्येकीला आणि तिच्याबरोबर आलेल्या माणसाला सरावाच्या आणि खऱ्या कळांमधला फरक समजावून सांगा. अहिराणीत, पावरीत, तडवीत. दहा मिनिटं लागतात.

५) बाळंतपणाच्या वेळी जवळची एक बाई सोबत ठेवायला केंद्राने २०१६ मध्येच परवानगी दिली आहे. तिला गेटवर अडवू नका.

६) रस्त्यात झालेल्या प्रत्येक प्रसूतीच्या चौकशीत एक प्रश्न सक्तीचा करा: ही बाई आधी किती वेळा आली होती आणि तिला काय सांगितलं होतं?

या मागण्यांत एकही नवीन इमारत नाही, एकही टेंडर नाही. कदाचित म्हणूनच त्या अवघड वाटतील.

वाचणाऱ्यांना एक काम. आपल्या गल्लीत, पाड्यावर, वस्तीत दिवस भरत आलेली बाई असेल तर आज तिच्या घरच्यांशी बोला. गाडी कोणाची, नंबर कोणाकडे, रक्तगट कोणता, सोबत कोण जाणार, एवढं ठरवून ठेवा. १०८ चा नंबर भिंतीवर लिहा. आणि तुमच्या घरातल्या बाईला असं परत पाठवलं गेलं असेल तर कमेंटमध्ये तालुका आणि महिना लिहा. बाईचं नाव लिहू नका, सिस्टरचंही नको. चुकीची पद्धत दाखवायचीय, कोणा एकीला सुळावर द्यायचं नाही. आलेल्या कमेंट एकत्र करून दोन्ही जिल्हा परिषदांना लेखी देतो आणि पोच इथेच टाकतो.